सभागृहाच्या खुर्च्या आणि आग: कोटेशन मंजूर करण्याआधी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कोथरूडमध्ये तुमच्या संस्थेचं पहिल्या मजल्यावर साधारण ३०० जणांचं वातानुकूलित सभागृह आहे. जुन्या खुर्च्या काढून गादीच्या नव्या घ्यायच्या आहेत. दोन कोटेशनं आली आहेत. एकात नुसतं ‘फोम व रेक्झिन’ असं लिहिलंय, दुसऱ्यात ‘फायर रिटार्डंट (अग्निरोधक) फोम व टेपेस्ट्री (विणलेलं जाड कापड)’ आहे आणि दर जवळपास तिसऱ्या हिश्श्याने जास्त आहे. कार्यकारिणीतले एक सदस्य म्हणतात की फायर एनओसी आहे, सिलिंडर भरलेले आहेत, मग खुर्च्यांवर जादा खर्च कशाला? हा खर्च करावा का, आणि केला तर कुठला कागद मागावा, असं तुम्ही विचारलंय.

मी पुणे आणि आसपासच्या सभागृहांच्या, कॉलेजच्या ऑडिटोरियमच्या आणि मंगल कार्यालयांच्या अंतर्गत कामाची स्पेसिफिकेशनं लिहितो आणि आलेला माल तपासून घेतो. त्यामुळे हे उत्तर खरेदीच्या टेबलाच्या या बाजूने आहे.

आधी प्रश्न जरा बदलून घेऊ. ‘ही खुर्ची पेटते का?’ याला फारसा अर्थ नाही. पुरेशी मोठी ज्वाळा मिळाली तर गादीची जवळपास कुठलीही खुर्ची पेटते. विचारायचं ते असं: लहानशा ठिणगीने किंवा काडीने ती पेट घेते का? घेतलाच तर किती वेगाने जळते आणि किती धूर सोडते? आणि तेवढ्या वेळात ३०० माणसं त्याच खुर्च्यांमधून वाट काढत दारापर्यंत पोचतात का? पहिल्या दोन गोष्टी कापड आणि फोम ठरवतात, तिसरी मांडणी ठरवते. कोटेशनमध्ये पहिल्या दोनांचा निदान उल्लेख असतो. तिसरीबद्दल चकार शब्द नसतो, आणि माणसं बहुतेकदा तिच्यापायीच अडकतात.

फोमपासून सुरुवात करतो. खुर्च्यांमधला नेहमीचा फोम म्हणजे पॉलियुरेथेन. एक घनमीटर फोमचं वजन भरतं ३२ किंवा ४० किलो. ‘डेन्सिटी ३२’, ‘डेन्सिटी ४०’ म्हणतात ते हेच. म्हणजे आत बहुतांशी हवाच, आणि जळणाऱ्या वस्तूला तेच तर हवं असतं. ‘साहेब, फॉर्टी डेन्सिटी आहे, काही होत नाही’ हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळेलच. गादी किती वर्षं दबणार नाही, एवढंच डेन्सिटीवरून कळतं. आगीबद्दल तो आकडा काही सांगत नाही.

साधा फोम पेटला की वितळतो. त्याचा पातळ रस खुर्चीखाली टपकतो, तिथे त्याचं जळतं थारोळं होतं आणि तेच वरच्या बैठकीला खालून भाजत राहतं. त्यामुळे सुरुवातीला तळहाताएवढी दिसणारी आग काही मिनिटांत शेजारच्या खुर्च्यांवर जाते. धूर काळा आणि दाट. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतोच, शिवाय फोममध्ये नायट्रोजन असल्याने हायड्रोजन सायनाइडही तयार होतो. वर रेक्झिन म्हणजे पीव्हीसी असेल तर हायड्रोजन क्लोराइडची भर पडते. डोळे उघडत नाहीत, दार दिसत नाही. अशा आगीत माणूस भाजण्याआधी धुरानेच कोसळतो.

डब्लिनमधल्या स्टारडस्ट या नाइटक्लबला १४ फेब्रुवारी १९८१ च्या पहाटे लागलेल्या आगीत ४८ तरुण मुलंमुली गेली. आग लोकांच्या नजरेस पहिल्यांदा पडली ती पडदा ओढून बंद ठेवलेल्या एका भागातल्या आसनांवर. पीव्हीसीचं आवरण, आत पॉलियुरेथेन फोम. म्हणजे तुमचं पहिलं कोटेशन. त्या रात्री बाहेर पडायच्या काही दारांना साखळ्या आणि कुलपंही होती. या दोन गोष्टी एकत्र आल्या की काय होतं, ते आसनव्यवस्थेशी संबंध असलेल्या प्रत्येकाने एकदा तरी वाचावं.

आता तुमच्या सदस्यांचा मुद्दा. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार जबाबदारी मालकाची किंवा जागा वापरणाऱ्याची, म्हणजे तुमच्या संस्थेचीच. परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारी आणि जुलैत ‘नमुना ब’ घेऊन अग्निशमन दलाकडे द्यायचा असतो. यंत्रणा चालू स्थितीत आहे, असं त्यात एजन्सी लिहून देते. तुमच्या खुर्चीत कुठला फोम आहे हे बघायला कोणी गादी उसवत नाही. एनओसी असणं आणि आतलं फर्निचर सुरक्षित असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीवरून दुसरी गृहीत धरू नका. आणि सिलिंडर? पहिल्या मिनिटात, एका खुर्चीवर, चालवता येणाऱ्या माणसाच्या हातात तो चांगलं काम करतो. पण पावडरने ज्वाळा विझते, फोम थंड होत नाही. विझली म्हणून पाठ फिरवावी आणि आतून पुन्हा धूर निघावा, हे गादीच्या बाबतीत नेहमीचं. वरून पाणी मारावंच लागतं.

कागदांकडे येतो, कारण खरी गंमत तिथे आहे. ‘फायर रिटार्डंट’ म्हटलं की विक्रेता काहीतरी कागद देतोच. कुठलं काय, ते ओळखता आलं पाहिजे.

सगळ्यात जास्त मिळतो तो कारखान्याच्या लेटरहेडवरचा कागद: ‘आमचं उत्पादन अग्निरोधक आहे, इति.’ खाली शिक्का. त्याची किंमत शिक्क्याच्या शाईएवढी.

दुसरा प्रकार खास आपल्याकडचा. पुणे म्हणजे चाकण आणि पिंपरी-चिंचवड; गाड्यांच्या सीटचं कापड आणि फोम पुरवणारे भरपूर, आणि तोच माल सभागृहाच्या खुर्च्यांनाही येतो. मग रिपोर्ट येतो एफएमव्हीएसएस ३०२ या अमेरिकी मानकाचा किंवा आयएस १५०६१ या भारतीय मानकाचा. कागद खरा, प्रयोगशाळाही खरी असते, पण चाचणी गाडीच्या आतल्या साहित्याची आहे. एफएमव्हीएसएस ३०२ मध्ये कापडाची पट्टी आडवी धरून एका टोकाला ज्वाळा लावतात आणि ती मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा जास्त वेगाने जळू नये, एवढीच अट असते. म्हणजे मिनिटाला दहा सेंटिमीटर जळत गेली तरी पास! तीही आडवी. खुर्चीची पाठ उभी असते, आणि उभ्या कापडावर आग कितीतरी भराभर चढते. गाडीसाठी त्या चाचणीमागे कारणं आहेत. तुमच्या हॉलसाठी तो कागद बाजूला ठेवा.

तिसरा कागद आयात मालाबरोबर येतो: कॅलिफोर्नियाचा टीबी ११७-२०१३. ती धुमसत्या सिगारेटची चाचणी आहे. उघड्या ज्वाळेची त्यात परीक्षाच नाही. आपल्याकडे सभागृहात सिगारेट कोणी ओढत नाही, पण समईने दीपप्रज्वलन होतं, लग्न असेल तर होम असतो, आणि हल्ली नवरानवरीच्या एंट्रीला ठिणग्यांचे फवारे. आपला धोका ज्वाळेचा आणि वायरिंगचा.

चौथा कागद सर्वांत फसवा, कारण तो जवळजवळ बरोबर असतो: फक्त कापडाचा रिपोर्ट. कापड खरोखर चांगलं असतं. खाली मात्र साधा फोम.

म्हणून मागायचा तो रिपोर्ट कापड आणि फोम एकत्र घेऊन केलेल्या चाचणीचा. भारतीय मानक आहे आयएस १५७६८. घरगुती नसलेल्या, म्हणजे सार्वजनिक जागांमधल्या गादीदार फर्निचरचं. ब्रिटिश मानकं आपल्या बाजारात जास्त ऐकू येतात: चाचणीची पद्धत बीएस ५८५२ आणि तिच्यावरून वर्ग ठरवणारं बीएस ७१७६. त्यात कमी धोका, मध्यम, जास्त आणि अतिजास्त असे वर्ग आहेत. ऑफिस आणि शाळा-कॉलेज कमी धोक्यात धरलेत. सार्वजनिक सभागृहं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा मध्यम. मध्यमसाठी सिगारेट, काडी आणि शिवाय ‘क्रिब ५’ ही पेटत्या लाकडी काड्यांची चाचणी पार करावी लागते. तुमच्यासाठी मी हीच पातळी धरली असती.

क्रिब ५ म्हणजे काय ते एकदा डोळ्यांसमोर आणा, मग विक्रेत्याशी बोलणं सोपं जाईल. लोखंडी चौकटीवर छोटी बैठक आणि छोटी पाठ काटकोनात बसवतात, ज्या कापडाची आणि ज्या फोमची खुर्ची करायची त्याचीच. दोन्ही मिळतात त्या खाचेत लाकडाच्या बारीक काड्यांची एकावर एक रचलेली चौकोनी चळत ठेवून पेटवतात. तिचं वजन साधारण १७ ग्रॅम. खाच मुद्दाम निवडलेली आहे. खऱ्या खुर्चीत कागदाचा बोळा, चिवड्याची पिशवी तिथेच जाऊन बसते आणि पाठीवर आग चढायला वाटही तिथूनच मिळते. काड्या जळून जातात. पेटवल्यापासून दहा मिनिटांच्या आत गादीवरच्या ज्वाळा आपोआप विझल्या पाहिजेत आणि आत धुमसत राहता कामा नये.

या चाचणीत जोडी का बघतात, तेही इथे कळतं. वितळणारं कापड आगीपासून मागे सरतं आणि फोम उघडा पाडतं. मग त्या कापडाचा स्वतःचा रिपोर्ट कितीही उत्तम असो. उलट जळून जागच्या जागी कोळशाची पापडी धरणारं कापड, किंवा कापड आणि फोमच्या मध्ये घातलेला अग्निरोधक थर, फोमला बराच काळ झाकून ठेवतो. फोममध्येही फरक असतो. सीएमएचआर नावाचा जो फोम मिळतो त्यात मेलामाइनसारखी द्रव्यं घातलेली असतात. तो जड असतो आणि पेटायला आढेवेढे घेतो. म्हणून रिपोर्टमध्ये कापडाचं नाव आणि वजन, फोमचं नाव आणि डेन्सिटी लिहिलेली हवी, आणि तीच नावं कोटेशनमध्ये हवीत. ‘एफआर (फायर रिटार्डंट) फोम’ एवढंच लिहिलं असेल तर परत पाठवा. कापडाचा नुसता रंग बदलला तर मी फार ताणत नाही; पण ‘तो क्वालिटी नंबर आता बंद झालाय, त्याच्यासारखाच दुसरा देतो’ म्हणाले की जुना रिपोर्ट गेला.

रिपोर्ट हातात आल्यावर निकालाच्या आधी वरचा मजकूर वाचा. नमुना कोणाच्या नावाने दिला होता, कधी, प्रयोगशाळेला त्याच चाचणीसाठी एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता आहे का. दुसऱ्याच कंपनीच्या नावाचा, बऱ्याच वर्षांपूर्वीचा, झेरॉक्सची झेरॉक्स असलेला रिपोर्ट फिरत असतो. आयएसआय चिन्ह दाखवलं तर त्याखालचा लायसन्स नंबर बीआयएस केअर अॅपवर टाकून बघा. दोन मिनिटांचं काम आहे. रक्कम मोठी असेल तर स्वतःच चाचणी करून घ्यायला हरकत नाही. मुंबईत घाटकोपरची बीटीआरए आणि वरळीची ससमीरा या कापडाच्या चाचण्या करणाऱ्या जुन्या संस्था आहेत. नमुना पाठवण्याआधी तुम्हाला हवी तीच चाचणी तिथे होते ना, ते फोनवर विचारून घ्या.

आणि नमुना एक, माल दुसरा, हा आपल्या धंद्यातला जुना रोग. एका कॉलेजच्या कामात मंजूर नमुन्यात हाताला जड आणि थोडा भुकटीसारखा लागणारा फोम होता. लॉट आल्यावर मधल्या रांगेतली एक बैठक उलटी केली, खालच्या पिना काढून कापड मागे सारलं, तर आत हलका, पटकन उसळणारा साधा फोम. बाहेरून दोन्ही खुर्च्या जुळ्या बहिणी. रंगावर जाऊ नका; फोमला कुठलाही रंग देता येतो. तुकडा कापून वजन करा, आकारमानाने भागा. डेन्सिटी नमुन्याशी जुळत नसेल तर तिथेच थांबा. म्हणून माझ्या पर्चेस ऑर्डरमध्ये एक ओळ असतेच: ‘आलेल्या मालातली आम्ही निवडू ती एक खुर्ची उसवून तपासली जाईल; तिची दुरुस्ती पुरवठादाराच्या खर्चाने.’ नुसत्या या ओळीनेही बराच माल सुधारून येतो.

लायटर लावून बघणं चालतं का, असं हमखास विचारतात. कापडाचा छोटा कपटा, मोकळ्या जागेत, चिमट्यात धरून, शेजारी पाण्याची बादली ठेवून बघितलं तर ते वितळून थेंब टाकतं, भडकतं की पापडी धरतं, एवढं कळतं. फोमवर तो प्रयोग करू नका, धूर वाईट असतो. आणि लायटरच्या प्रयोगावर निर्णय तर मुळीच नको.

आणखी एक बारकावा: काही कापडांना अग्निरोधकपणा धाग्यातच असतो, काहींवर वरून द्रावण मारलेलं असतं. वरून मारलेली क्षारांची प्रक्रिया पाण्याने निघून जाते. दिवाळीआधी तुम्ही शाम्पू मारून खुर्च्या धुऊन घेणार असाल तर दोन-तीन दिवाळ्यांत जादा मोजलेले पैसे गटारात. कोटेशनमध्ये ‘धागा मुळातच अग्निरोधक’ की ‘प्रक्रिया केलेली’, हे लिहून घ्या. प्रक्रियेत हॅलोजनयुक्त (क्लोरीन-ब्रोमीनवाली) रसायनं असतील तर पेट उशिरा घेतं, पण पेटल्यावर धूर जास्त आणि बोचरा. शक्य असेल तिथे मी ती टाळतो.

इथवर कापड आणि फोम झाला. आता मांडणी, जिच्यासाठी कोटेशनमध्ये रकाना नसतो.

दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ माणसं मेली. आग लागली तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरला. बाल्कनीतल्या खुर्च्या पेटल्या म्हणून कोणी मेलं नाही. धूर वर आला आणि गुदमरून माणसं गेली. बाल्कनीत जादा खुर्च्या घालून उजव्या बाजूची वाट बंद केलेली होती आणि आठ आसनांचा एक खास बॉक्स बांधून त्या बाजूचं दारच अडवलं होतं. म्हणजे जगातला सर्वोत्तम फोम घातला असता तरी त्या खुर्च्यांनी माणसं मारलीच असती, कारण त्या चुकीच्या जागी होत्या.

आता आपल्याकडचं चित्र. कार्यक्रम रंगतो, गर्दी वाढते, कोणीतरी म्हणतं, ‘अहो, पॅसेजमध्ये दोन रांगा सहज बसतील.’ स्टोअरमधून खुर्च्या येतात, मधली वाट भरते, आणि मागच्या दारापाशी उरलेल्यांची थप्पी. व्याख्यानाला येणारा तुमचा श्रोता बहुतेक साठीच्या पुढचा. काठी, गुडघे, अंधारात पायऱ्या. त्याला रिकामी वाट तरुणांपेक्षा जास्त लागते. म्हणून खुर्च्या ठरवण्याआधी हॉलचा नकाशा घ्या, आधी वाटा आणि दारं आखा, आणि उरलेल्या जागेत बसतील तेवढ्याच खुर्च्या घ्या. आपल्याकडे उलटं करतात: ‘३०० बसवायच्याच’ असं ठरवून वाट अरुंद करतात. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ च्या भाग ४ मध्ये सभागृहासारख्या जागेत बाहेर पडायच्या दारापर्यंतचं चालण्याचं अंतर ३० मीटरपर्यंत धरलंय. ते अंतर खुर्च्यांना वळसे घालत मोजायचं, हवेतून सरळ रेषेत नव्हे.

दोन रांगांमधली मोकळी जागा खुर्ची रिकामी असताना मोजा, आणि शोरूममध्ये नको, तुमच्या हॉलमध्ये खडूने आखून मोजा. अमेरिकेच्या एनएफपीए १०१ या अग्निसुरक्षेच्या संहितेत ही जागा किमान ३०५ मिलिमीटर सांगितली आहे आणि रांग लांब झाली की ती वाढवायची आहे. हे किमान आहे. हातात पिशवी आणि काठी असलेल्या माणसाला ते कमीच पडतं. इथे टिप-अप बैठक, म्हणजे उठल्याबरोबर आपोआप वर जाणारी, खरोखर उपयोगी. पण ती वर्षानुवर्षं वर गेली पाहिजे. स्प्रिंग ढिली झालेली बैठक अर्ध्यात लोंबकळते आणि अंधारात नेमकी गुडघ्याला लागते. नमुन्याची खुर्ची हातात घेतली की मी आधी हेच बघतो. पुश-बॅक मात्र तुमच्या हॉलला नको असं माझं मत. मागे रेललेली पाठ मागच्या रांगेची वाट खाते, यंत्रणा महाग असते आणि आत फोम जास्त लागतो.

सुट्या खुर्च्या ठेवणार असाल तर त्या एकमेकींना अडकवायच्या क्लिपा घ्या. धावपळीत सुटी खुर्ची आडवी पडते आणि तिच्यावर माणूस पडतो. त्याच एनएफपीएमध्ये २०० पेक्षा जास्त माणसांच्या जागी सुट्या खुर्च्या किमान तीन-तीनच्या गटात जोडायला सांगितल्यात.

तुमच्या प्रश्नात नसलेल्या पण हॉलमध्ये असणारच अशा काही गोष्टी. प्लास्टिकच्या मोल्डेड खुर्च्या पॉलिप्रॉपिलीनच्या असतात. एक सुटी खुर्ची सहजासहजी पेटत नाही, पण पंधरा-वीसची थप्पी एकदा पेटली की मधल्या फटींतून आग धुराड्यासारखी वर जाते आणि जळते थेंब खाली पडतात. जिन्याखाली, मीटरच्या खोलीत, मागच्या दाराला टेकवून अशा थप्प्या ठेवू नका. जुन्या काढलेल्या खुर्च्यांचंही तेच: ‘लागतील कधीतरी’ म्हणून स्टोअरमध्ये कोंबण्याऐवजी त्याच आठवड्यात भंगारवाल्याला द्या. लग्नाला हॉल देत असाल तर डेकोरेटरची स्पँडेक्सची कव्हरं आणि सॅटिनचे बो येतात. तुम्ही महागडं तपासलेलं कापड घ्यायचं आणि वरून त्याने भरकन पेटणारं कव्हर चढवायचं! भाड्याच्या करारात कव्हरांना बंदी घाला किंवा अग्निरोधक कव्हरांची अट टाका. भारतीय बैठकीच्या गाद्या-लोडांचा स्वभाव निराळा. कापूस भडकत नाही, धुमसतो. रात्री अकराला पडलेली ठिणगी पहाटे चारला धूर देते. कार्यक्रमानंतर गाद्या लगेच रचून कुलूप लावायची सवय असेल तर ती मोडा.

पायऱ्यापायऱ्यांची बैठक करणार असाल तर लाकडी चौथऱ्याखालची पोकळी बंद करून घ्या. इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डच्या फुटबॉल मैदानावर ११ मे १९८५ रोजी लाकडी स्टँड पेटून ५६ माणसं गेली. आसनांखालच्या फटींतून पडून वर्षानुवर्षं साठलेला कचरा पेटला आणि पाचेक मिनिटांतच सगळा स्टँड आगीत होता. आपल्याकडे त्या पोकळीत वेफर्सची पाकिटं, कार्यक्रमपत्रिका आणि जोडीला इलेक्ट्रिशियनने सोडलेल्या वायरी असतात. खुर्चीखाली मोबाइल चार्जिंगचा सॉकेट देण्याची टूम निघाली आहे. माझा तिला स्पष्ट नकार. गादीला लागून सैल वायर कशाला हवी?

आता तुमच्या मूळ प्रश्नावर: जादा पैसे द्यावेत का? हे जागेवर अवलंबून आहे. तळमजला, चारही बाजूंना अंगणात उघडणारी रुंद दारं, खिडक्या उघड्या, वापर मुख्यतः शाळेचा, असं असतं तर मी म्हटलं असतं की गादीच नको. प्लायच्या घडीव नाहीतर पत्र्याच्या खुर्च्या घ्या आणि उरलेले पैसे वायरिंग व इमर्जन्सी दिव्यांना लावा. तुमचा हॉल पहिल्या मजल्यावर आहे, एसीसाठी बंद केलेला आहे आणि जिना बहुधा एकच वापरात असणार. तिथे साध्या फोमचं पहिलं कोटेशन मी विचारातच घेणार नाही. पण दुसरंही जसंच्या तसं नाही. त्यांनी कापड-फोम जोडीचा रिपोर्ट दाखवला तरच त्या तिसऱ्या हिश्श्याला अर्थ आहे. नाहीतर तुम्ही तोच फोम महाग घेताय.

बजेट ताणलं जात असेल तर गुणवत्ता नव्हे, फोम कमी करा. पाठ प्लायची ठेवा, गादी फक्त बैठकीला आणि कमरेपाशी पातळ पट्टी. जळायला कमी, साफ करायला सोपं, आणि तीन अंकी नाटकाला एवढी गादी पुरते. पुश-बॅक, कपहोल्डर, जाड हात हे काढलेत की दोन कोटेशनांमधला फरक पुष्कळ भरून निघतो. काही वर्षांनी कापड फाटेल तेव्हा कोपऱ्यावरच्या सोफावाल्याला बोलावून ‘टाक मिळतंय ते’ असं होऊ नये म्हणून मूळ कापड-फोमचे तपशील आणि रिपोर्ट संस्थेच्या फाइलमध्ये, नमुना ब शेजारीच, लावून ठेवा. आणि थोडं जादा कापड आत्ताच मागवून घ्या.

दुसऱ्या विक्रेत्याला आज एवढंच विचारा: कापडाचा क्वालिटी नंबर, फोमचं नाव आणि डेन्सिटी, दोघांचा एकत्र रिपोर्ट, आणि एक खुर्ची उसवायला तयारी आहे का. ती उत्तरं आणि हॉलचा दारं दाखवणारा नकाशा इथे टाका, मग रांगांचं बघू. जिना एकच वापरात असेल असं मी धरलंय; दुसरा असेल आणि त्याला कुलूप असेल, तर खुर्च्यांआधी ते काढा.